भांडी वाजव जरा

दुपारी मी मुद्दाम आवाज करत भांडी घासते. आजोबांनीच तसं सांगितलंय. त्यांचा आजार आता बरा होणारा नाही, म्हणून मुलीने त्यांना दवाखान्यातून घरी आणलं आणि सांभाळायला मला ठेवलं. सुरुवातीला मी दबकत वावरायचे, तर ते दचकून हाका मारायचे. शेवटी म्हणाले, "मांजरासारखी काय फिरतेस? भांडी वाजव जरा. घरात कुणी आहे कळलं की झोप लागते."

खरंच आहे ते. गावी आई भाकरी थापायची, त्या आवाजावर आम्ही भावंडं निवांत पडून राहायचो.

मी सातवीत शाळा सोडलेली. मी एकटी असतानाच आजोबा गेले तर काय करायचं, ही धास्ती रोजची. त्यांना ती न सांगताच कळली. आता माझं ताट वाजलं की ते सैल झालेल्या अंगठीने पलंगाच्या गजावर टकटक करतात. मलाही बरं वाटतं.

आज टकटक आली नाही. साबणाच्या हातांनी मी दारात गेले. डोळे मिटूनच ते म्हणाले, "आहे गं अजून. घास तू."

मी परत येऊन कढई घेतली. तिचा आवाज सगळ्यात मोठा.