सुगतचा दम

सुगत गेल्याचा फोन आला तेव्हा मी रिसोडच्या आमच्या शाळेत नववीचा तास आटोपून जिना उतरत होतो. पलीकडून त्याच्यासोबत डायव्हिंग शिकणारा कुणीतरी हिंदीत बोलत होता. बेटाजवळच्या खोल पाण्यात, ट्रेनिंगच्या सहाव्या दिवशी... मी पहिला प्रश्न विचारला, ‘‘हवा संपली होती का?’’ तो म्हणाला, ‘‘नहीं सर, टंकी में हवा बहुत बाकी थी.’’ मी पायरीवरच बसलो. आता दोन महिने होत आले, पण ते वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही.

आम्ही दोघंही मेडशीचे, एका बाकावरचे. पोहायला शिकलो ते विहिरीत. तिथं परीक्षा एकच, तळाला जायचं आणि मूठभर गाळ घेऊन वर यायचं. मी अर्ध्यातूनच फिरायचो आणि खाली गाळच नाही असं खुशाल ठोकून द्यायचो. सुगतनं बुडी मारली की मात्र काठावरचे लोक गप्प व्हायचे, आणि तो वर आला की एकच गलका, ‘‘दम पाहा बे पोट्ट्याचा!’’ पुढं कुणाच्या मोटारीचा फुटबॉल, म्हणजे पाइपाच्या तळाची झडप, गाळात फसला की सुगतलाच बोलावणं यायचं. त्याच दमावर तो मालवणला गेला आणि पर्यटकांना पाण्याखाली फिरवू लागला. एखाद्या बावळट तोंडाच्या माशाचा फोटो पाठवायचा आणि खाली लिहायचा, ‘मास्तर, हा तुह्यासारखा दिसते.’

गेल्या वर्षी त्याच्या डोक्यात टेक्निकल डायव्हिंग शिरलं. पर्यटक जातात त्याच्या कितीतरी खाली जायचं, अंगावर दोन-तीन टाक्या घेऊन, आणि येताना टप्प्याटप्प्यानं थांबत यायचं. घाबरलं म्हणून सरळ वर येण्याची सोय नाही. तेव्हा शिकवणारा कोण निवडायचा, यावर जीव अवलंबून. त्यानं दोन मास्तर पाहून ठेवले होते. पहिल्यानं त्याला दोन दिवस पाण्यात तपासून सांगितलं होतं, तू श्वास धरून ठेवतोस. टाकी लावल्यावर श्वास सलग घ्यायचा असतो. चार महिने उथळ पाण्यात तेवढंच शिक, मग पुढचं बोलू, नाहीतर घरी जा. दुसऱ्यानं, त्या बेटावरच्यानं, पाठ थोपटली. तुझी हवा सगळ्यांपेक्षा जास्त पुरते, दहा दिवसांत सर्टिफिकेट हातात देतो, म्हणाला.

हे विचारायलाच सुगत रिसोडला माझ्या घरी आला होता. चहा निवत ठेवून म्हणाला, ‘‘तू सायन्सवाला, तू सांग. मले त पह्यलाच बरा वाटून राह्यला. कडू बोलते, पण बारीक पाह्यते.’’

आणि मी काय म्हणालो? ‘‘अबे, त्याले काय मालूम दम कायले म्हनतात! मेडशीच्या पोट्ट्याले तो श्वास घ्यायले शिकवते का?’’ खरं सांगतो, मला राग आला होता. ज्या दमाचा अख्ख्या गावाला अभिमान, त्यालाच कुणी परका माणूस खोड म्हणत होता. सुगत हसला, निवलेला चहा एका घोटात प्यायला. मग म्हणाला, ‘‘तू म्हनतो त जातो दुसऱ्याजोळ.’’

मी नववीला श्वसन शिकवतो. श्वास कोंडला की कार्बन डायऑक्साइड साचतो, डोकं भोवंडतं, शुद्ध हरपते, हे मी दरवर्षी फळ्यावर लाल खडूचे बाण काढून सांगतो... लाज वाटते मला. नेमकं काय झालं ते कुणी पाहिलं नाही, असं त्याचे सोबती म्हणतात. त्या वाक्याआड लपून पाहिलं, पण टाकीत हवा असताना माणूस कसा जातो हे मला त्या पायरीवरच कळलं होतं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्याची आई, आमची शांतामावशी, येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, ‘‘लेकानं टाकीतली हवा बी पुरी वापरली नाही. येवढा दम होता त्याचा.’’ लोक मान हलवत होते. मीही हलवली.

मागच्या रविवारी पुन्हा मेडशीला गेलो. मावशी अंगणात सुगतचा मालवणहून आलेला काळा रबरी सूट ओल्या फडक्यानं पुसत होती. मला पाहताच तिनं तेच सांगायला सुरुवात केली, येवढा दम... आणि मला ऐकवेना. म्हणालो, ‘‘मावशी, टाकी लावल्यावर दम धरायचा नसते. त्यानंच घात झाला.’’

ती पुसतच राहिली. मग म्हणाली, ‘‘मंग त्याले हे कोनी सांगतलं काहून नाही, विलास?’’

‘‘सांगतलं होतं मावशी. एका मास्तरानं सांगतलं होतं. म्याच म्हनलं, त्याचं ऐकू नको.’’

मावशीनं सूट उचलला, दोन्ही हातांनी उराशी धरला, घरात गेली आणि आतून कडी लावली. त्या दाराला दिवसाढवळ्या कडी लागलेली मी जन्मात पाहिली नव्हती.