फळ्यावरच्या तीन चुका

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. दोन खोल्यांत तीच माणसं वर्षानुवर्षं शिकवत राहिली की ते आपोआप साचतात आणि कोणी चहाला आलं की बाहेर पडतात. मी सांगतो ते सगळं जसंच्या तसं असेलच, अशी खात्री देत नाही. शंका आली तर सावंत सरांना विचारा. ते मात्र थोडं वाढवून सांगतील!

मुलुंड पूर्वेला, पिठाच्या गिरणीला लागून आमचा क्लास आहे. चालवतात कांबळे मॅडम. केमिस्ट्री त्यांची, गणित सावंत सरांचं आणि फिजिक्स माझं. ट्रॉम्ब्याला संशोधनात माझं आयुष्य गेलं, नावाआधी डॉक्टर लागलं. पण बारावीच्या एकवीस मुलांसमोर उभं राहण्याआधी अजून टिपणं दोनदा तपासतो. वय पंचाहत्तर. मुलं फळ्यावरचं सगळं खरं मानून उतरवून घेतात आणि तेच परीक्षेत लिहितात. म्हणून या वर्षी डायरीत लिहून ठेवलं : फळ्यावर तीन चुका झाल्या की खडू खाली ठेवायचा.

बायकोने ते वाचलं. म्हणाली, “तीनच? घरात तर सकाळच्या चहापर्यंत संपतील!”

*

वर्षाची सुरुवात स्प्रिंगने झाली. जितकी ताणाल तितकं तिचं बल वाढत जातं. दोन मीटर ताणल्यावर चाळीस न्यूटन, तर एकूण कार्य किती? मी लिहिलं, चाळीस ज्यूल.

रोशन नावाचा मुलगा उठला. “सर, चाळीस गुणिले दोन, ऐंशी ना? अर्धे कुठे गेले?”

मी म्हणालो, “चाळीस न्यूटन फक्त शेवटी लागले. सुरुवातीला तर शून्यच होते. म्हणून आलेखाखालचं क्षेत्रफळ घ्यायचं. तो त्रिकोण आहे, म्हणून अर्धा.”

रोशनने थोडा विचार केला. “म्हणजे शेवटी किती जोर लागला ते विचारायचं नाही. वाटेत कुठे किती लागला, ते विचारायचं!”

इतक्या सोप्या शब्दांत मी हे आयुष्यात सांगितलं नव्हतं. तरी घरी जाऊन तीन पुस्तकं उघडली. तिन्हींत तो अर्धा होता. मग जेवलो.

*

क्लासचं शटर उचलायला जड. मला वाटलं, यापेक्षा चांगला प्रयोग कुठे मिळणार? बॅगा तोलायचा काटा हँडलला अडकवला. मुलं दर दहा सेंटिमीटरला थांबून आकडा वाचत होती. दोन दिवस लागले. आलेख सुंदर आला : खाली बल जास्त, वर जाताना कमी, पण मध्ये एक उंचवटा, उंटाच्या पाठीसारखा. तो कशामुळे यावर वर्गात अर्धा तास चर्चा झाली. शटरच्या गुंडाळीतल्या स्प्रिंगचा दोष असावा, असं माझं मत होतं.

गिरणीवाले काका पीठ झटकत बाहेर आले. आलेख उलटसुलट करून पाहिला.

“डॉक्टर, तिथे गंज आहे. तेल घाला.”

*

गुडघ्यासाठी मी घाटकोपरला फिजिओथेरपीला जातो. तिथली मुलगी आमच्याच क्लासची जुनी विद्यार्थिनी. तिने रबराचा पट्टा पायाला बांधला. मी म्हणालो, “याचा स्थिरांक माहीत आहे का? म्हणजे प्रत्येक वेळी किती कार्य झालं ते काढता येईल. रबराचा आलेख सरळ नसतो, पण अंदाजाने...”

“सर, तुमच्या वर्गात तुम्ही म्हणायचात, आधी सूत्र. इथे मी म्हणते, आधी ओढा!”

*

पहिली चूक पॉवरमध्ये झाली. ताणाच्या दोन मीटरवर चाळीस न्यूटन बल, त्या ठिकाणी वेग सेकंदाला तीन मीटर. तिथे स्प्रिंग ओढणाऱ्याची पॉवर किती? मी एकूण कार्याला एकूण वेळेने भागून मोकळा झालो.

गोवंडीहून येणारी प्राची पहिल्या बाकावर बसते. तिला आडपडदा माहीत नाही. “सर, ही सरासरी झाली. त्यांनी त्या क्षणाची विचारलीय. त्या क्षणाचं बल गुणिले त्या क्षणाचा वेग. एकशे वीस वॅट.”

“बरोबर,” मी म्हणालो आणि पुसलं. डायरीत एक रेघ ओढली.

दुसरी चूक चिन्हाची. स्प्रिंग ताणताना स्प्रिंगने केलेलं कार्य ऋण असतं, मी धन लिहिलं. पुन्हा प्राचीच. “सर, वजा!”

त्या दिवशी चहाला सावंत सरांना सगळं सांगितलं. तीनचा नियमही सांगितला. ते हसले. “डॉक्टर, या हिशेबाने मी आषाढातच मालवणला परत गेलो असतो!”

“कोणाला सांगू नका,” मी म्हणालो.

“माझ्या पोटात राहील,” सावंत सर म्हणाले. त्यांच्या पोटात आजवर फक्त माशाची आमटी राहिली आहे.

चहाचा कप विसळून मी आत येतो तोच कांबळे मॅडम दारात उभ्या. “परीक्षा दोन महिन्यांवर आली आहे, सर. आता मला दुसरा माणूस कुठे मिळणार? तुम्ही गेलात तर फिजिक्स मी शिकवीन. मग बघा मुलांचं काय होतं ते!”

नियम माझा होता, पण परीक्षा मुलांची होती.

*

त्यानंतर महिनाभर एकही चूक झाली नाही. मग उजळणीचा तास आला. स्प्रिंगमध्ये साठलेली ऊर्जा. मी भराभर लिहिलं, समजावलं, फळा पुसला, घरी निघालो. स्टेशनच्या पुलावर अर्ध्या वाटेत एकदम थांबलो. मागची बाई अंगावर आदळली. मी अर्धा लिहिला नव्हता. स्थिरांक गुणिले ताणाचा वर्ग, बस्स! एकवीस मुलांनी ते उतरवून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी लवकर गेलो. ठरवलं, आधी वह्या दुरुस्त करायच्या, मग मॅडमना सांगायचं. वह्या मागवल्या आणि लाल पेन काढलं.

पहिल्या वहीत अर्धा होता. दुसऱ्या वहीतही. एकविसाच्या एकवीस वह्यांत होता. काहींत सरळ ओळीत, काहींत वेगळ्या शाईने, दोन अक्षरांमध्ये कोंबलेला.

मी चष्मा पुसला. “काल फळ्यावर मी काय लिहिलं होतं?”

मी प्राचीकडे पाहिलं. ती वहीकडे बघत म्हणाली, “वहीत आहे तेच, सर.”

ही मुलं रोज फळा पुसायच्या आधी त्याचा फोटो काढतात. मी म्हणालो, “कालचा फोटो दाखवा.”

मुलं एकमेकांकडे बघू लागली. शेवटी रोशन उभा राहिला.

“सर, काल सगळ्यांचेच मोबाइल चार्जिंगला होते.”

“एकवीसच्या एकवीस?”

“हो, सर.”