बाबांचा आवाज उतरवताना

एका तासाची कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायला एक तासच लागतो. हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी या भानगडीत पडलेच नसते. मला वाटलं होतं, दुरुस्त करून आणलेल्या टेपला वायर लावली की मोबाइलमधले फोटो जातात तसं सगळं धाडधाड आत जाईल. कसलं काय! पहिली कॅसेट तर वायर नीट न बसल्यामुळे कॉम्प्युटरच्या माइकवरूनच उतरली. तिच्यात आमच्या कुकरच्या चार शिट्ट्या आणि वरच्या मजल्यावरचं ड्रिलिंग. पुन्हा पहिल्यापासून. रिटायर झाल्यावर आराम करीन म्हणत होते, घ्या आराम.

पण आईने धोसराच लावला होता. "ह्येंचो आवाज एकदा ऐकव गो. माका आता आठवणा नाय." बाबा जाऊन तीस वर्षं होऊन गेली. चेहरा फोटोत तरी आहे, आवाज गेला तो गेलाच, असं ती एक दिवसाआड म्हणायची. ऐंशी उलटलेल्या बाईला नाही कसं म्हणायचं?

गिरणी बंद पडल्यावर बाबा गावी जाऊन राहिले आणि आम्ही शाळेपायी इथे बोरीवलीतच. आईला लिहिता येत नव्हतं. म्हणून बाबा कॅसेटमध्ये बोलायचे, आणि गावचं कुणी मुंबईला येणारं असलं की त्याच्याबरोबर ती पाठवायचे. आमचं ऐकून झालं की आई त्याच कॅसेटवर आपलं उत्तर बोलायची आणि परत पाठवायची. म्हणजे बाबांचं बोलणं पुसून त्यावर आईचं. आमच्या गावच्या बऱ्याच घरांत असंच चालायचं. आवाज जपून ठेवायचा असतो, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात येणार?

बाबा गेले तेव्हा गावाहून त्यांची पत्र्याची ट्रंक आली. तिच्यात सहा कॅसेटी होत्या. आम्ही त्या कधी ऐकल्याच नाहीत. आधी धीर झाला नाही, मग टेप बिघडला, मग राहूनच गेलं. आईची सगळी आशा त्या सहांवर.

पहिली लावली. आई बोलत होती. दुसरी लावली, तिच्यातही आईच. आवाज तरुण, खणखणीत, भांडखोर. "पोरग्याक ताप इल्लो, आता बरो हा." आणि दर कॅसेटमध्ये बाबांना दम: "परत नवी कॅसेट? मागची खय हरवलास? लक्ष खय आसता तुमचा?"

तीन दिवस गेले. मान आखडली, डोळे चुरचुरायला लागले. सहाही कॅसेटी दोन्ही बाजूंनी पार शेवटपर्यंत ऐकल्या, न जाणो बाबांचा एखादा शब्द पुसायचा राहिला असेल. नव्हता राहिला. मला आईचाच राग आला. खरं सांगते, आला.

कॅसेटी डब्यात परत भरताना मला दिसलं. कॅसेटच्या कडेला दोन बारक्या खिट्या असतात. त्या तोडल्या की तिच्यावर पुन्हा काही रेकॉर्ड होत नाही. सहाही कॅसेटींच्या खिट्या तोडलेल्या होत्या. बाबांनी एकही हरवली नव्हती. आईची कॅसेट आली की ती ठेवून द्यायची आणि आपण नव्या कॅसेटवर बोलायचं, असं त्यांचं चाललं होतं. आणि त्या नव्या कॅसेटवरचं बोलणं आई पुसत होती.

आई शेजारीच बसली होती. तिला सांगावं की नको, कळेना. पण माझ्याने पोटात ठेववेना. "बाबांचा आवाज कुठेच नाही गं. तुझाच आहे सगळा. पुसला जाऊ नये म्हणून त्यांनी खिट्या तोडल्यात."

तिने एक कॅसेट उचलली आणि तुटक्या खिटीच्या जागेवरून बोट फिरवलं.

"आणि मी म्हणत होतंय, हरवतत," ती म्हणाली. "ह्येंनी माजो आवाज ठेवल्यानी. मी ह्येंचो पुसून टाकलंय गो."

मी तिचा हात धरला. तिने हात सोडवून घेतला, डोळे पुसले आणि कॉम्प्युटरकडे बोट केलं.

"परत लाव. ते काय ऐकत होते, ता तरी माका ऐकूक दी."