वर्गातली नक्कल

माझा बाप दुबईचा अरब, आई रत्नागिरीकडची कोकणी मुसलमान. सातवीपर्यंत मी मामूच्या, म्हणजे आईच्या धाकट्या भावाच्या घरी राहून मराठी शाळेत शिकलो, मग बापानं परत बोलावून घेतलं. नव्वदीच्या सुरुवातीला पोलिसात लागलो आणि काही वर्षांनी एका साहेबानं माझ्या दोन्ही भाषा बघून मला शिकवायला बसवलं. नव्या शिपायांना सांगायचं, की शहरात निम्म्याहून जास्त माणसं बाहेरची आहेत, त्यांच्याशी कसं बोलावं.

शिपाई तऱ्हेतऱ्हेचे होते. कुणी इथले, कुणी येमेनी, दोघंतिघं सुदानी. फळ्यावर लिहून सांगितलं की जांभया द्यायचे. म्हणून मी स्वतःच कामगार व्हायला लागलो. टोपी काढायची, दाराबाहेर जायचं आणि आत येताना वेगळाच माणूस होऊन यायचं. एका शिपायानं मला विचारायचं, 'काही तक्रार?' मी हात पुढे धरून, एक खांदा उतरवून, खाली बघून म्हणायचं, 'सब ठीक है, साब, कोई प्रॉब्लेम नहीं.' मग वर्गाला समजावायचं, की आमच्या कोकणातला माणूस पहिल्यांदा 'काही नाही' असंच म्हणतो. तो तुम्हाला अडचणीत टाकायला तयार नसतो. बसायला सांगा, पाणी द्या, परत विचारा, तेव्हा कुठे तो तोंड उघडतो.

मुद्दा चांगला होता, पण लोकांना नक्कलच आवडली. वर्ग हसून हसून बेजार व्हायचा. दुसऱ्या ठाण्यांवरून बोलावणी यायला लागली आणि मीही खुलत गेलो. लहानपणी शाळेत मला अरबाचं पोर म्हणायचे, इथे पाठीमागे हिंदीचं, म्हणजे इंडियन बाईचं पोर म्हणत. वर्गात एवढा वेळ मात्र मी सगळ्यांचा होतो. तो कामगार कुणावरून घेतलाय, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

तो मामूच होता. मामू तोवर इथे बांधकामावर शटरिंगच्या कामाला आला होता आणि सोनापूरच्या कामगार कॅम्पमध्ये एका खोलीत आठजणांबरोबर राहायचा. बापाच्या पश्चात घरात आई आणि मी दोघंच. दर शुक्रवारी जुम्याची नमाज झाली की मामू बसनं बर दुबईला आमच्याकडे यायचा. आई सकाळपासून तांदळाच्या भाकऱ्या आणि सुरमईचं सालन करण्यात गुंतलेली असायची. आठवडाभर शेजारीपाजारी अरबी बोलून बोलून तिचा जीव विटायचा. शुक्रवारी भावाशी गावाकडच्या गप्पा सुरू झाल्या, की माझ्याकडे बघायलाही तिला फुरसत नसायची.

एकदा मामू कामाच्या दिवशी आमच्या ठाण्यावर आला. खोलीतल्या एकाचं लेबर कार्ड हरवलं होतं, त्याची चौकशी करायला. गेटवर माझ्याच हाताखालून गेलेला शिपाई होता. मामूला बघून तो जोडीदाराला म्हणाला, "बघ, आपल्या उस्तादाचा वर्गातला माणूस," आणि हात पुढे धरून, खांदा उतरवून, मान खाली घालून सुरू झाला, "सब ठीक है, साब." दोघंही हसले. त्यात खरंतर दुष्टपणा नव्हता, शिकवलेलं आठवलं होतं एवढंच. मी अंगणातून येत होतो. मामूनं ते बघितलं आणि मग मला बघितलं.

तिथे मी म्हणायला हवं होतं, हा माझा मामू. त्याऐवजी मी हिंदीत विचारलं, "क्या काम है?"

"कुछ नहीं, साब," तो म्हणाला आणि निघून गेला.

त्या शुक्रवारी तो आला नाही. पुढच्याही नाही. आई भाकऱ्या फडक्यात गुंडाळून असरच्या नमाजेपर्यंत वाट बघायची. तिसऱ्या शुक्रवारी मी कॅम्पवर गेलो. खोलीत सगळे जेवून पहुडले होते. मामूनं मला खाटेवर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाला, "वर्गात करतोस ते करून दाखव."

"मामू, सोडा ना आता. खलास."

"यल्ला, दाखव. आम्ही पण बघू की."

मी केलं. हात पुढे धरले, मान खाली घातली, एक खांदा उतरवला. कुणी हसलं नाही. मामू जवळ आला आणि माझा उतरलेला खांदा त्यानं आणखी दोन बोटं खाली दाबला.

"एवढा उतरलाय," तो म्हणाला. "फळी सरकली आणि पडलो, तेव्हापासून. आपाला, तुझ्या आईला, बोललो नाही, उगाच रडत बसेल. तुला दिसला होता तर विचारायचंस तरी."

मला अतोनात शरम वाटली. इतकी वर्षं मी त्या खांद्यावर हशा मिळवला होता. शुक्रवारी येता का, असं विचारायला मी आलो होतो, ते विचारलंच नाही.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. नक्कल, गेट, हिंदीतला प्रश्न. खांद्याचंही सांगितलं, कारण आता तिच्यापासून काही लपवायची माझी ताकद उरली नव्हती. वाटलं होतं, ती रडेल किंवा मला बोल लावेल. ती तांदळाचं पीठ मळत होती, मळतच राहिली.

"या घरात आले तेव्हा तुझ्या फुफू, बापाच्या सगळ्या बहिणी, माझं अरबी वेडावून दाखवायच्या," ती म्हणाली. "अख्खी मजलिस हसायची. तुझा बाप पक्का अरब होता, पण तो कधी हसला नाही."

पुढच्या शुक्रवारी तिनं डबा भरला आणि खाली जाऊन टॅक्सी थांबवली. गाडीची किल्ली घेऊन मी मागोमाग उतरलो होतो. "तू राहू दे," ती म्हणाली आणि ड्रायव्हरला सोनापूर सांगितलं.