भासऱ्याची नोटीस

नवरा गावचा कोतवाल होता. तो वारला आणि त्याची जागा मला मिळाली, कारण आमच्या घरात चौथी पास मी एकटीच होते. आणीबाणी नुकतीच उठली होती. तहसीलीतून खाकी पट्टा आणि पितळी बिल्ला मिळाला. तो लुगड्यावर कसा लावायचा हे तिथं कोणालाच माहीत नव्हतं. मी खांद्यावरून तिरपा घातला. बाजारात विकायला काढलेल्या म्हशीसारखी दिसते, असं मोठी जाऊ म्हणाली.

कोतवालाचं काम म्हणजे दवंडी देणं, तलाठ्यानं सांगितलेल्या माणसाला बोलावून आणणं आणि सरकारी कागद ज्याचा त्याला पोचवणं. तलाठी सांगलीकडचा. तो म्हणाला, "बाई, तीन महिने बघतो. जमलं नाही तर पोलीस पाटलाचा भाचा आहेच." भाचा खरंच होता. रोज नवे बूट घालून चावडीच्या ओट्यावर येऊन बसे. जागा गेली असती तर मला पुन्हा लोकांच्या वावरात कापूस वेचायला जावं लागलं असतं. कापूस मी पुष्कळ वेचला होता, हौस फिटली होती.

पहिलाच कागद निघाला तो माझ्या भासऱ्याचा. म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाचा. त्यानं शेजाऱ्याचा धुरा, म्हणजे बांध, नांगरून आपली तूर पुढं सरकवली होती. मंगळवारी तहसीलीत हजर राहा, अशी नोटीस होती.

आमच्यात भासरा आणि लहान भावाची बायको एकमेकांशी बोलत नाहीत. तिनं त्याच्यासमोर उभं राहायचं नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही, त्याच्या हातात काही द्यायचं नाही. अकरा वर्षांत मी त्याचा आवाज ओळखत होते आणि चपला ओळखत होते. तोंड नीट पाहिलेलं नव्हतं. अगदीच बोलायचं झालं तर मध्ये कोणाला तरी ठेवून बोलायचं. कोणी नसेल तर जनावर चालतं.

मी त्याच्या अंगणात गेले. तो बाजेवर बसला होता. मी पदर पुढं ओढला, पाठ फिरवली आणि गोठ्याकडं तोंड करून म्हटलं, "म्हशी, घरच्या मोठ्या मानसाले सांग, तहसीलीचा कागद आलाय. सही पायजे."

मागून आवाज आला, "म्हशी, तिले सांग, मी घरी नाई."

जाऊ दारातच खाली बसून हसू लागली.

मी कागद जमिनीवर ठेवला, त्यावर दगड ठेवला. भासरा म्हणाला, "म्हशी, अंगणात कचरा कोण टाकून राह्यलं? उचलून न्याले सांग."

मी उचलून आणला. दुसऱ्या दिवशी तेच झालं. तलाठ्याला विचारलं, दारावर चिकटवू का?

"माणूस गावात नसेल तर दारावर चिकटवायची," तो म्हणाला. "हा तर रस्त्यावरून बाजेवर बसलेला दिसतो. उद्या सोमवार. संध्याकाळपर्यंत सही आणा, नाहीतर बिल्ला आणा."

भाच्यानं बुटाची नाडी बांधली.

सोमवारी सकाळी मी दळण घेऊन चालले होते. कडुनिंबाखाली न्हावी भासऱ्याची दाढी करत होता. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर फेस होता आणि वस्तरा गळ्याशी होता. पुढच्या नंबरासाठी दोघं बसले होते. मी दळण खाली ठेवलं आणि कमरेचा कागद काढला. पदर तसाच राहू दिला, पण पाठ फिरवली नाही.

नोटिशीत आधी त्याचं नाव, मग माझ्या सासऱ्याचं, मग आडनाव. मी तिन्ही मोठ्यानं वाचली. बसलेल्यांपैकी एकानं बिडी विझवली. न्हाव्याचा हात जागच्या जागी थांबला.

पुढची भाषा तहसीलीची होती आणि माझी चौथी जुनी. "या-द्वा-रे आ-प-णां-स," असं मी अक्षर अक्षर लावत होते. एखादं चुकलं की ओळ पहिल्यापासून घेत होते. न्हावी कान देऊन ऐकत होता आणि वस्तरा काढत नव्हता. गालावरचा फेस वाळून पापडी धरू लागला.

"म्हशी..." भासरा दातांतून म्हणाला.

"म्हैस घरी हाये," न्हावी म्हणाला. "हालू नका जी, कापीन."

मी दुसऱ्या परिच्छेदावर आले. अजून गट नंबर, चतुःसीमा, सगळं राहिलं होतं.

"अवं बाई," भासरा थेट मला म्हणाला, "आण तो कागद इकडं. आन् हे वाचणं बंद कर."

मी हातात दिला. त्यानं गुडघ्यावर ठेवून सही केली. न्हावी आणि बिडीवाला, दोघांनी साक्षीदार म्हणून अंगठे उमटवले. न्हाव्याचा अंगठा साबणाचा होता, म्हणून तो दोनदा घ्यावा लागला.

तलाठ्यानं कागद नाकाशी धरून वास घेतला, मग फायलीत लावला. भाच्याला म्हणाला, "तुम्ही आता दुसरं काही पाहा." तीन महिन्यांची गोष्ट त्यानं पुन्हा काढली नाही.

मंगळवारी भासरा तहसीलीत गेला, अर्थात शेजाऱ्याला शिव्या देत. घरी सासू मात्र बिघडली. मोठ्या लेकाचं नाव घेतलं ते एक, पण मेलेल्या सासऱ्याचंही भर रस्त्यात घेतलं, म्हणून ती महिनाभर माझ्याशी बोलली नाही. सकाळी पट्टा घालून निघाले की कुठं चालली, कधी येशील, असं कोणी विचारत नसे. नोकरीचा पहिला महिना म्हणून तो फार चांगला गेला.