लॉइडचं तोंड

लॉइड मेल्याचं कार्ड आलं, त्याच्या पुढच्याच मंगळवारी व्हर्नाने टॉरन्सच्या नगरकेंद्रातल्या मातीकामाच्या वर्गात नाव घातलं. कार्ड त्याच्या दुसऱ्या बायकोच्या मुलीने टूसॉनहून पाठवलं होतं, वर कबुतराचं चित्र होतं. व्हर्ना ते उभ्याउभ्याच वाचून "बरं झालं" म्हणाली आणि वीजबिलाबरोबर फ्रिजवर चिकटवून मोकळी झाली. दातांच्या डॉक्टरकडे नावं लिहून घेणाऱ्या बाईबरोबर लॉइड पळून गेला त्याला सव्वीस वर्षं झाली होती. एवढी वर्षं तिने त्याच्यावरचा राग जपला होता, दुसऱ्या बायका नवऱ्याचे फोटो जपतात तसा. आणि आता हा गेला, न विचारता, न सांगता, पुन्हा एकदा. राग धरायचा तरी कुणावर?

रागावण्याची तिला सवय होती. एकतीस वर्षं तिने शाळेची बस चालवली. पोरं तिला टरकून असत, आणि पोरांचे आईबाप त्याहून जास्त. बसच्या दारात अंगठा सापडून उभा फाटला तेव्हाही तिने आधी सगळी पोरं घरी सोडली आणि मग ती टाके घालायला गेली. तो व्रण अंगठ्यावर कायमचा बसला, डोळ्यांच्या मधोमध कपाळावर आठी बसली तसाच.

वर्गात ज्याच्या त्याच्या हातात टिकी. म्हणजे बेटांवरच्या देवाचं रागीट तोंड कोरलेला उंच पेला. त्यात रम आणि अननसाचा रस ओतायचा, वर कागदी छत्री खोचायची आणि आपण समुद्रापलीकडे कुठेतरी आहोत असं समजायचं. यातलं कुणीही त्या बेटांवर गेलेलं नव्हतं. ही साथ ड्वाइटने आणलेली. तो हौशी लोकांच्या टिकी मंडळाचा अध्यक्ष. पोपटांचे शर्ट घालणारा, गॅरेजमध्ये बांबूचा बार थाटून दोनशे पेले मांडून बसलेला, आणि वर्गाची भट्टी फुकटात लावून देतो म्हणून तिथला मालक असल्यासारखा वावरणारा.

"तू काय करणार, व्हर्ना?" त्याने पहिल्या दिवशी विचारलं.

"एका माणसाचं डोकं. आतून पोकळ."

"पहिल्याच खेपेला डोकं? अवघड जाईल हं."

"मुळात पोकळच होतं. सोपं जाईल."

सोपं गेलं नाही. पहिलं डोकं वाळताना तडकलं. दुसऱ्याच्या भिंती जाड राहिल्या, आतला ओलावा गेला नाही आणि ते भट्टीत फुटलं. शेजारच्या बाईची मातीची मासोळीही त्याच्याबरोबर गेली. व्हर्नाने माफी मागितली नाही, नवी माती घेतली. तिसऱ्या खेपेला तिने मातीच्या वळ्या एकावर एक चढवल्या, प्रत्येक जोडावर काट्याने ओरखडे काढून पातळ माती लावली, आणि ओल्या फडक्याखाली झाकून आठवडाभर धीर धरला. तिच्या हातून धीर धरला गेला याचं तिलाच नवल वाटलं.

मग तिने लॉइड कोरला. पुढे आलेले कान. नाकाची चपटी बोंडी. कपाळावर कंटाळ्याच्या तीन रेघा. ओठाच्या डाव्या कोपऱ्याला तारेने एक बारीक रेघ, खाली ओढलेली. निघून जायच्या रात्री "तुझ्याबरोबर राहणं म्हणजे बसथांब्यावर राहणं" असं म्हणताना त्याचा ओठ तसाच ओढला गेला होता. शेवटी हनुवटीखालचा जोड तिने अंगठ्याने दाबून बसवला. काळपट तपकिरी झिलई लावली, रेघा उठून दिसाव्यात म्हणून ती पुसून पुसून पातळ केली. भट्टीतून निघालं ते तोंड बघायला सगळे गोळा झाले. इतकं दुष्ट तोंड वर्गाच्या फळीवर कधी आलं नव्हतं.

"ओळखीचं कुणी?" ड्वाइटने विचारलं.

"नाही."

"मंडळाच्या पत्रिकेत फोटो छापू या. दे दोन दिवस."

दोन दिवसांचे तीन आठवडे झाले. पेला परत आला तेव्हा एका कानाच्या घडीत पांढरं काहीतरी बसलं होतं. भट्टीचं असेल म्हणून तिने ते टूथपिकने काढून टाकलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी पाच वाजता व्हर्ना मागच्या पायरीवर बसून लॉइडच्या डोक्यात बर्फ घालायची, रम ओतायची आणि पिता पिता त्याला सुनवायची. छप्पर गळलं तेव्हा कुठे होतास? आई वारली तेव्हा कुठे होतास? उलट उत्तर यायचं नाही. खरं सांगायचं तर सव्वीस वर्षांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं. हा पेला दुसऱ्या कुणी हातात धरावा अशी कल्पनाही तिला सहन झाली नसती.

मे महिन्यात वर्गाच्या फळ्यावर मंडळाच्या वार्षिक मेळाव्याचं पत्रक लागलं. 'यंदाचा सर्वोत्तम पेला' या मानासाठी अध्यक्षांची कलाकृती, 'हसरा सरदार'. शेजारी फोटो. मधाच्या रंगाचा लॉइड.

व्हर्नाच्या पायाखालची जमीन सरकली. दुसऱ्या क्षणी ती जागेवर आली आणि तापली.

शनिवारी ती पेला टॉवेलात गुंडाळून मेळाव्याला गेली. महामार्गालगतच्या एका मोटेलच्या तलावाकाठी गवताच्या छत्र्या उभ्या केल्या होत्या. डबाबंद मांस आणि अननस काडीला टोचून भाजत होते. ड्वाइटच्या टेबलावर लॉइड रांगेने मांडलेला, एक नाही, दोन नाही, डझनावारी. आणि भोवती अनोळखी माणसं त्याच्या डोक्यात नळी घालून पीत होती, हसत होती. तिचा राग, तिने एकटीने पोसलेला, आणि हे लोक त्यावर मजा मारत होते!

तिने टॉवेल उलगडून आपला पेला टेबलावर आपटला.

"ए चोरा!"

वाजंत्री थांबली. चष्मा गळ्यात अडकवलेली मंडळाची चिटणीस मर्लिस धावत आली.

"अगं व्हर्ना, असं काय करतेस," ड्वाइट हसत म्हणाला, पण त्याचे कान लाल झाले. "टिकी सगळे सारखेच दिसतात."

"टिकी नाही हा. माझा नवरा आहे!"

"तू तर म्हणालीस ओळखीचा नाही."

"नव्हताच! म्हणून तर गेला."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. व्हर्नाने त्या दिशेला नुसतं बघितलं, आणि हसणारा अननसाच्या टेबलाकडे निघून गेला.

मर्लिसने दोन्ही पेले शेजारी ठेवले. ड्वाइटचा बोटभर बुटका होता. "ड्वाइट," ती सावकाश म्हणाली, "भाजल्या पेल्यावरून साचा काढला, तर साच्यातला पेला वाळताना आणि भाजताना आणखी आक्रसतो. हे तूच आम्हाला शिकवलंस."

"अगं, उलटही असू शकतं! हिने माझ्या गॅरेजमध्ये माझा पाहिला असेल आणि हाताने मोठा केला असेल. कर ना सिद्ध!"

लोक एकमेकांकडे बघू लागले. म्हणणं खोडून काढण्यासारखं नव्हतं. व्हर्ना दोन्ही पेले उलटे करून बघत राहिली, आणि हनुवटीखाली तिचं बोट अडकलं.

"चष्मा लाव, मर्लिस."

हनुवटीखाली अंगठ्याचा ठसा होता, आणि ठशात उभी चीर. व्हर्नाने आपला अंगठा शेजारी धरला. बसच्या दाराने दिलेला व्रण, उभा, टोकाशी दुभंगलेला. तिच्या पेल्यातला ठसा अंगठ्याहून थोडा लहान होता, कारण मातीच तेवढी आक्रसली होती. ड्वाइटच्या पेल्यात तोच ठसा, तीच चीर, आणखी लहान. मर्लिसने टेबलावरचा दुसरा पेला उलटा केला, मग तिसरा. प्रत्येकाच्या हनुवटीखाली व्हर्नाचा अंगठा.

"ड्वाइट, तुझा अंगठा दाखव," मर्लिस म्हणाली.

त्याने हात खिशात घातले.

"मी नाव लावतो तिचं," तो पुटपुटला. "खाली चिठ्ठी चिकटवू. मान पण तिलाच द्या. मी काय म्हणतो, एवढ्या सुंदर पेल्याचं चार लोकांत..."

"साचा कुठे आहे?"

साचा त्याच्या ट्रकमध्येच होता. तीन वाजता तो साच्यात माती ओतायचं प्रात्यक्षिक करणार होता. प्लास्टरचे चार मोठे तुकडे त्याने स्वतः वाहून आणले आणि डांबरावर ठेवले. व्हर्नाने गाडीतून चाक काढायची पहार आणली. अडुसष्ट वर्षांच्या बाईच्या हातात एवढा जोर असेल असं कुणाला वाटलं नसतं. कानांचा भाग पहिल्या घावात गेला, नाकाला तीन लागले. पांढरी धूळ, पेल्याच्या कानात सापडली होती तीच, तिच्या केसांवर बसली. शेवटचा तुकडा तिने चपलेने चुरला. कुणी अडवलं नाही. ड्वाइट मोटेलच्या भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या शर्टावरचे पोपटच काय ते आनंदी दिसत होते.

"आता हे तोंड कुणाकडे दिसायला नको," ती धापा टाकत म्हणाली. "ज्याने ज्याने घेतलं त्याने परत आणा. ड्वाइट पैसे देईल."

एक मुलगी पुढे आली, फार तर पंचवीसची. तिच्या हातात पेला होता आणि तो तिने छातीशी धरला होता.

"मी परत नाही दिला तर चालेल का हो?"

"कशाला हवाय तुला? बघ तरी, कसलं तोंड आहे ते!"

"छान आहे की." मुलगी गडबडली. "म्हणजे... आत्ताच घरी आल्यासारखा दिसतो. दार उघडायची वाट बघत असल्यासारखा. आता काहीतरी वेडपट बोलेल असं वाटतं."

"आण इकडे."

व्हर्नाने पेला उन्हात धरला. टेबलावरच्या रांगेकडे तिने रागाने बघितलं होतं, पण नीट असं बघितलं नव्हतं. साच्यात बारीक रेघा टिकत नाहीत. ड्वाइटने झिलईही पोळीवर तूप थापावं तशी थापली होती. कपाळावरच्या तिन्ही रेघा भरून निघाल्या होत्या. ओठाच्या कोपऱ्यातली, तारेने खाली ओढलेली रेघ बुजली होती, आणि ओठ मोकळा होऊन वर गेला होता. तिने घातलेलं सगळं वाईट वाहून गेलं होतं आणि खाली उरला होता चोवीस वर्षांचा लॉइड. लोमिटाच्या भाड्याच्या खोलीच्या दारात उभा, रस्त्यावर सापडलेलं भिजकं कुत्रं कोटात लपवून, ठेवून घेऊ का म्हणून विचारणारा.

हा माणूस ती साफ विसरली होती. त्याची आठवण आली. आणि याचा तिला त्याच्या पळून जाण्यापेक्षाही जास्त राग आला. मातीतही तो सांगितल्या जागी राहिला नाही.

तिने पेला मुलीच्या हातात परत दिला. "ठेव. पण आपटलास तर याद राख."

मग ती टेबलाशी गेली, तिथल्या रांगेतला एक पेला उचलून पिशवीत टाकला आणि आपला काळा पेला टॉवेलात गुंडाळून काखोटीला मारला.

"आता हे काय?" ड्वाइट भिंतीकडून ओरडला. "तूच म्हणालीस ना, हे तोंड कुणाकडे दिसायला नको म्हणून!"

"तुला कुणी विचारलं?"

मर्लिसने मानाची तबकडी पुढे केली. व्हर्नाने तिच्याकडे बघितलंही नाही. गाडीत बसून तिने दार आपटलं, काच वर केली आणि पिशवीतला मधाच्या रंगाचा पेला काढून समोर धरला. गाडी बराच वेळ सुरू झाली नाही. काच बंद होती, पण तिचा आवाज बसच्या मागच्या बाकापर्यंत पोचायची सवय असलेला, तो तलावाकाठी सगळ्यांना ऐकू गेला.

"मेल्या, आत्ता आलास होय रे घरी?"