एका रात्रीचं टोरांटो

कोल्हापुरात विमानाची तिकिटं काढून देणारे मुनव्वरभाई स्वतः कधी विमानात बसलेले नव्हते. पण परदेशी गेलेल्या पोरांच्या आईबापांना धीर द्यायची त्यांची एक रीत होती. किती लांब, असं कुणी विचारलं की ते नुसती हवेतली वेळ सांगायचे, तीही निम्मी करून.

"टोरांटो? एका रात्रीचं हो! झोपायचं, उठायचं, लेक समोर!"

मुरगूडच्या शालूबाईंनाही त्यांनी हेच सांगितलं होतं. लेकीच्या, क्रांतीच्या बाळंतपणाला त्या निघाल्या होत्या. संध्याकाळी मुंबईच्या बसमध्ये त्यांना बसवायला मुनव्वरभाई आले, तर शालूबाईंच्या मांडीवर फडक्यात बांधलेल्या चार दशम्या.

"एवढंच, मावशी?"

"एका रातीला किती लागतंय?"

"विमानात देतात की जेवाण."

"मला न्हाय चालत. वाडीला दत्ताम्होरं नेम घेतलाय. दुसऱ्याच्या हातचं शिजल्यालं खात न्हाय मी."

मुनव्वरभाईंनी त्या चार दशम्यांकडं पुन्हा बघितलं. बोललो तर ही बाई उतरणार आणि क्रांती तिकडं एकटी. गप्प बसलो तर हिला उपास.

"मावशी... एक रात न्हाय. मुंबईपास्नं साडेबारा हजार किलोमीटर हाय. मधी दुबईला उतरायचं, सात-आठ तास बसायचं, मग फुडं चौदा तास. हितनं धरलं तर दोन दिस."

"मग एक रात का म्हनलास?"

"तुम्ही भ्याला असता."

"आन् क्रांतीचं स्थळ आलं तवा? तवाबी तुलाच इचारायला आलतो की आमी. एका रातीवर हाय म्हनलास. मला वाटलं, मनात आलं की जाऊन येता यील. म्हणून व्हय म्हनलं मी!"

आजूबाजूचे प्रवासी वळून बघायला लागले. अशी किती घरं मुनव्वरभाईंच्या त्या एका रात्रीवर हो म्हणाली असतील?

ते तसेच खाली उतरून पळाले. केळी, खजूर, ओल्या शेंगा, मिळेल ते पिशवीत कोंबून धापा टाकत परत आले.

"शिजल्यालं न्हाय ह्यातलं काय. चालंल न्हवं?"

"चालंल." शालूबाईंनी पिशवी घेतली, पण त्यांच्याकडं बघितलं नाही. "क्रांतीला फोन लाव."

आता तक्रार होणार, व्हायलाच पाहिजे, असं मनाशी म्हणत मुनव्वरभाईंनी फोन लावून दिला.

"निगालो बघ, बाळ. व्हय, दशम्या घेतल्यात... भ्या कशाचं? मुनव्वरनं समदं नीट सांगितलंय मला, पयल्यापास्नं."

शालूबाईंनी फोन पुढं केला. मुनव्वरभाईंना तो घ्यायला हातच उचलवेना.